खंडेनवमीचं बटण

अण्णा मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आले, पण त्यांचे बूट काही रिटायर झाले नाहीत. उंब्रजला हायवेला लागून आमचं चार खोल्यांचं घर होतं. मोठा ट्रक गेला की मांडणीवरची भांडी थरथरायची, हंड्यावरचं झाकण वाजायचं, आणि त्या सगळ्या थरथरीतूनही मला अण्णांच्या बुटांचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तो आला की मी हातातलं काम लपवायची. काम बरोबर असलं तरी लपवायची. अण्णांनी आम्हा बहिणींवर कधी हात उचलला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. काही फुटलं, सांडलं, बिघडलं की ते उंबऱ्यात उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, "कुणी केलं?" ज्यानं केलं त्यानं पुढं यायचं, "मी" म्हणायचं, की विषय संपला. पलटणीतली रीत. माझी थोरली बहीण सुमनताई पटकन पुढं व्हायची, कधी कधी माझ्या वाटचंही स्वतःवर घ्यायची. माझे पाय मात्र जमिनीला चिकटायचे. कशाची एवढी भीती वाटायची ते मला अजूनही सांगता येत नाही. पन्नाशी उलटली, तरी कुणी मोठ्या आवाजात "कुणी केलं" म्हणालं की हातातला खडू आपोआप पाठीमागं जातो, मग ते वर्गातल्या पोरांनी एकमेकांना विचारलेलं का असेना.

पुढच्या खोलीत अण्णांनी टायपिंगचा क्लास काढला होता. भिंतीकडेला चार टाइपरायटर आणि कोपऱ्यात, आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला, पुण्याहून वापरलेला म्हणून आणलेला कंप्युटर. घरात त्याला सगळे मशीन म्हणायचे. चपला बाहेर काढून, हात पुसून मगच मशीनपाशी जायचं. मी कराडला एक वर्षाचा कोर्स केला होता, त्यामुळं एकोणिसाव्या वर्षी मी त्या मशीनची जाणकार ठरले होते. खरं म्हणजे मलाही त्याची धास्तीच होती, फक्त ती दाखवायची सोय नव्हती. मागच्या खोलीत आईचं राज्य. आई माणच्या दुष्काळी मुलखातली, मेंढरामागं वाढलेली. अण्णाही तिकडचेच, पण ते मिसरूड फुटायच्या आधीच पलटणीत गेले. आईनं मात्र लग्न होईपर्यंत दरसाल मेंढरांबरोबर माण ते कोकण आणि कोकण ते माण अशी पायपीट केलेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सकाळी ती हुलग्याचं माडगं करायची, वर लसणाची फोडणी, आणि तो वास टाइपरायटरच्या रिबिनीच्या वासात मिसळून घरभर फिरायचा. आजही कुठं हुलगे शिजत असले की मला टकटक ऐकू येते.

ताई कोल्हापूरला राहून भूगोलात प्रबंध लिहीत होती. विषय होता माणच्या मेंढपाळांच्या वाटा: कुठून निघतात, कुठं थांबतात, कुठल्या रानात मेंढरं बसवतात, पाणी कुठं. अर्धी माहिती आईकडूनच घेतलेली. सुट्टीत घरी आली की ताई वहीत उतरवायची आणि मशीनवर टाइप करायची, दोन-अडीच वर्षं हे चाललं होतं. अण्णांना शिक्षणाचं कौतुक होतं, पण पोरगी सव्वीस वर्षांची झाली याची टोचणीही होती. त्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्यानं कडेगावचं स्थळ आणलं होतं. उसाची बागायत, घर मोठं, मुलगा शांत. सुनेनं नोकरी करायची नाही एवढी एकच त्यांची अट. अण्णांनी ताईला समोर बसवून सांगितलं, "दिवाळीच्या आत तुजं पुस्तक कालिजात दिलंस, तर सांगलीची मास्तरकी कर, मी मदी पडत न्हाई. न्हाईतर पाडव्याला कडेगावला हुकार कळवतो. मी सबूद दिलाय." सांगलीच्या एका कॉलेजात जागा होती, पण प्रबंध दिल्याशिवाय मिळणार नव्हती. ताई म्हणाली, "चालंल." दसऱ्याला ती घरी यायची होती, शेवटचं प्रकरण टाइप करून छापून काढायला. तिच्या फ्लॉपीवर वर्षापूर्वीची दोन प्रकरणं होती. बाकी सगळं मशीनमध्ये.

आता मी सांगलीत डिप्लोमाच्या पोरांना हाच विषय शिकवते, म्हणून जरा सांगते. आपण मशीनमध्ये काही लिहून ठेवतो तेव्हा ते एका जागी सलग बसतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. डिस्कचे सारखे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. लिहिलेलं वाढत गेलं की मशीन जो कप्पा मोकळा दिसेल त्यात पुढचा तुकडा ठेवतं आणि एका तक्त्यात टिपून ठेवतं की या तुकड्याच्या पुढचा तुकडा अमक्या कप्प्यात. ताईचा प्रबंध अडीच वर्षं थोडा थोडा वाढला, त्यामुळं तो डिस्कभर विखुरलेला होता, आणि मधे मधे गिऱ्हाइकं अण्णांकडं टाइप करायला आणायची ते अर्ज नि लग्नपत्रिका. असे विखुरलेले तुकडे उचलून एकापुढं एक लावायचा एक प्रोग्राम असतो. डीफ्रॅग म्हणतात. तो चालू केला की पडद्यावर रंगीत चौकोन दिसतात, इकडचे तिकडं जातात, आणि हळूहळू सगळं गच्च बसतं. कोर्सला मास्तरांनी तो दाखवला तेव्हा मला फार आवडला होता. सगळं जागच्या जागी लागताना बघून मला भीती वाटली नाही, अशी ती पहिलीच गोष्ट असावी.

नवरात्रात आईनं घर धुऊन काढलं. गोधड्या नदीवर नेल्या, भांडी चिंचेनं घासली. खंडेनवमीला सकाळी अण्णांनी पूजेची हत्यारं काढली: विळे, कुऱ्हाड, लोकर कातरायची आजोबांची कातर, टाइपरायटर. एकेक पुसून पुढच्या खोलीत घोंगडीवर मांडायला घेतलं. मला वाटलं, मशीन नुसतं वरून पुसून काय उपयोग? त्यालाही आतून अंघोळ घालावी. ताई संध्याकाळी येईल, तिला सगळं लखलखीत मिळेल. कुणाला न विचारता मी डीफ्रॅग लावला. पडदा लवकर जळतो म्हणून तो बंद केला, खालचा डबा तेवढा घरघरत ठेवला, आणि आईला घटावर बांधायच्या कडाकण्या लाटायला मागं गेले. दोन-तीन तास लागणार हे मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर एवढंच की बरोबर कामही लपवायची मला सवय होती.

कढईत कडाकणी फुगत होती. पुढून अण्णांचा आवाज आला, "आगं, झेंडूची माळ आन." आई उठली. मग तिचा आवाज, "आवं, त्ये मशीन घुरघुरतंय का?" आणि अण्णांचा, "हत्यार पुजंला बसीवताना चालू ठिवत्यात व्हय? त्येला इसावा नको?" भिंतीवरचं बटण खट्कन वाजलं. घरघर थांबली.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पळत जाऊन परत चालू करावं तर पूजा मांडलेली. आमच्याकडं खंडेनवमीला बसवलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलत नसत. मी दारात जाऊन बघितलं. मशीनला हळदीकुंकू लागलं होतं, वर माळ होती, समोर अण्णा हात जोडून डोळे मिटून उभे होते. काही झालं नसेल, मी मनाशी म्हणाले. लाइट तर रोज जाते. पण रोज लाइट जाते तेव्हा मशीन गप्प बसलेलं असतं. आता त्यानं एक तुकडा उचलला असेल, तो अजून ठेवला नसेल, आणि कोणता कुठं ठेवला हे तक्त्यात टिपलं नसेल, तर? संध्याकाळी ताई आली, तिनं मला मिठी मारली, आणि रात्री मी भरलं ताट तसंच ठेवून उठले. आईला वाटलं तळणीच्या वासानं झालं. तिनं मला लिंबाचं सरबत दिलं. दीड दिवस मी त्या माळ घातलेल्या डब्यासमोरून येत-जात होते.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, आपट्याची पानं वाटून झाली, कडेगावचे पाहुणेही सोनं देऊन, चहा घेऊन गेले. जाताना मुलाचा मामा ताईला म्हणाला, "आता वाट बगायची आमी, पोरी." ताई हसली आणि मशीनपाशी बसली. मशीन चालू झालं, पण भलतंच काही विचारायला लागलं, ओळीमागून ओळी. मग ताईनं तिचा प्रबंध उघडला. पहिली चार पानं बरोबर होती. पाचव्या पानावर मधेच कुणाच्या तरी वीजजोडणीचा अर्ज सुरू झाला, मग कुणाची तरी लग्नपत्रिका, आणि पुढं नुसती चिन्हं, पानंच्या पानं. ताई खाली खाली जात राहिली. मग परत वर येऊन पहिल्या पानापासून बघायला लागली.

"कुणी केलं?" अण्णा उंबऱ्यात उभे होते. कुणी पुढं आलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "मी काल बटण बंद केलं. त्यानं का?"

"त्यानं असं व्हत न्हाई, अण्णा," ताई म्हणाली. "लाइट काय रोज जात न्हाई व्हय? कायतरी चालू असल्याबगर असं व्हनार न्हाई." ती माझ्याकडं वळली. "अने, काय लावलंवतंस का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

तो शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की मीच दचकले. ताईनं मान वळवली. तिनं मला कधीच खोटं बोलताना पकडलं नव्हतं, कारण माझ्यावर वेळ येण्याआधी तीच पुढं झालेली असायची.

दुसऱ्या दिवशी ताई जुन्या वह्या घेऊन पहिल्यापासून लिहायला बसली. दिवाळीला अठरा दिवस होते आणि दोनशे पानं. सांगलीला बागवान सर म्हणून मशीनं दुरुस्त करणारे एक जण होते, कराडच्या मास्तरांनी त्यांचं नाव दिलं. अण्णा म्हणाले, "मी आता त्येला हात लावत न्हाई. तुमी जावा." म्हणून आई आणि मी निघालो. डबा गोधडीत गुंडाळून आईनं एसटीत मांडीवर घेतला आणि सांगलीपर्यंत खाली ठेवला नाही. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी डबा उचलून धरायची.

बागवान सर दाढीवाले, कमी बोलणारे. त्यांनी डबा उघडला, त्यांच्या मशीनला जोडला, आणि बराच वेळ चौकोन बघत बसले. मग म्हणाले, "पुढची निम्मी डिस्क अगदी नीट लावलेली आहे आणि मागची सगळी पसरलेली. डीफ्रॅग अर्ध्यात तुटला. कुणी लावला होता?"

मी जमिनीकडं बघत राहिले. आई माझ्याकडं बघत राहिली. तिला डीफ्रॅग काय ते कळलं नसेल, पण माझं तोंड तिला वाचता येत होतं. सरांनी एकदा आम्हा दोघींकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. "लिहिलेलं बहुतेक अजून आत आहे," ते म्हणाले. "पण कोणत्या तुकड्यामागं कोणता, ते सांगणारा तक्ता बिघडलाय. पहिला तुकडा सापडतो, तो दुसऱ्याचा पत्ता सांगतो, दुसरा तिसऱ्याचा. मधला एक पत्ता पुसला की पुढचं सगळं असून नसल्यासारखं."

"म्हंजी वाडा हुडकायचा तसंच की," आई म्हणाली. सरांनी विचारलं, कसला वाडा? "मेंढरांचा. मी ल्हान आसताना घरनं पीठ घिऊन मागनं जायाची. पयल्या मुक्कामाचा शेतकरी तेवडा म्हाईत. त्यो सांगायचा, हितनं फलान्याच्या रानात बसाय गेलीत. फलाना म्होरल्याचं नाव सांगायचा. मदला येकादा गावाला गेला आसला की बसा बोंबलत. मेंढरं टेकाडापल्याड आसायची आन आपुन हिकडं."

सर पहिल्यांदा हसले. "मग तेव्हा काय करायचा, मावशी?"

"पानी कुटं हाय त्ये बगायचं. मेंढरं पान्याला सोडून जात्यात कुटं?"

सरांनी दोन दिवस घेऊन जेवढे तुकडे सापडले तेवढे कागदावर काढून दिले. बत्तीस तुकडे, कुठं चार पानं, कुठं सहा, प्रत्येक मधेच सुरू झालेला आणि मधेच तुटलेला. परतीच्या एसटीत आईनं ते कागद पदराखाली धरले होते. ताकारी मागं पडल्यावर म्हणाली, "मी न्हाई सांगायची. तुज्या तोंडानं सांग." मी मान डोलावली. तिनं पुन्हा आयुष्यात तो विषय काढला नाही, आणि मी आता विचार करते तेव्हा मला वाटतं, तिनं एकदा तरी काढायला हवा होता.

पुढचे दिवस पुढच्या खोलीत क्लास बंद. घोंगड्या अंथरून त्यावर बत्तीस गठ्ठे. एका तुकड्याचं शेवटचं वाक्य दुसऱ्याच्या सुरुवातीला जुळलं की ताई टाचणी मारायची. निम्मे असेच जुळले. बाकीच्यांच्या कडेच्या ओळीच गेल्या होत्या, त्यांना आगापिछा नव्हता. मग ताई वाचायची आणि आई डोळे मिटून ऐकायची. "थांब," आई म्हणायची, "ही पडकी हीर म्हंजी मायनीच्या अलीकडची. त्ये वरचं पुसेसावळीचं हाय, त्येच्या आदी ठीव." कुंभार्ली घाटाचा तुकडा सापडला तेव्हा ती इतक्या मोठ्यानं "ह्यो बग घाट!" म्हणाली की रस्त्यावरच्या बायका वाकून बघायला लागल्या. मी टाइपरायटरवर टाइप करत होते, बोटं सुजेपर्यंत. प्रत्येक गठ्ठा उचलताना मला वाटायचं, हा कुठंच बसणार नाही. अण्णा दारापर्यंत यायचे, पानांवर पाय पडू नये म्हणून तिथंच थांबायचे, आणि हळूच विचारायचे, "किती ऱ्हायलं?" उंबऱ्यातून त्यांनी दुसरा एखादा प्रश्न विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तीन ठिकाणची पानं काही केल्या मिळाली नाहीत. ती ताईनं वहीवरून पुन्हा लिहिली, शेवटचं प्रकरणही पुरं केलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती कोल्हापूरला गेली आणि प्रबंध देऊन आली. पावती तिनं अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, टोपी घातली आणि कडेगावला नकार कळवायला स्वतः गेले.

ताई सांगलीला पुढं सव्वीस वर्षं शिकवत होती. मी तिच्याच मागं सांगलीला आले, शिकले, शिकवायला लागले. आमचं सगळं भलं झालं. अण्णांचं मात्र काहीतरी कायमचं हललं. ज्या माणसाच्या आवाजानं आम्ही उभ्या राहायचो तो माणूस घरातला पंखासुद्धा विचारल्याशिवाय बंद करेना. "बंद करू का गं? कायतरी चाललेलं न्हाई न्हवं?" नातवंडं हसायची. टीव्ही, मिक्सर, देवापुढची विजेची माळ, कशालाही हात लावण्याआधी ते कुणाची तरी परवानगी शोधायचे, आणि कुणी नसलं तर तसेच उजेडात बसून राहायचे. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी अशी काढली. मी दर महिन्याला उंब्रजला जायची, आणि दर वेळी आज सांगू म्हणून जायची.

सांगायची खरी वेळ त्या पाडव्यालाच आली होती. सकाळी आईनं त्यांना ओवाळलं. ताई अंगणात रांगोळी काढत होती. मी एकटी मशीनवरचं लुगडं झटकत होते. अण्णा आत आले, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, आणि हाताचे तळवे बघत राहिले.

"अने," ते म्हणाले, "थोरली माजं मन राखाय काय बी बोलंल. तू कोरस केलायस, तुला कळतं. खरं सांग. मी बटण बंद केलं म्हनूनच झालं न्हवं ह्ये?"

त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. माझ्याकडून ते उत्तराची वाट बघत होते, आणि मला दिसत होतं की ते घाबरले आहेत. दार उघडं होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"व्हय, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरं सांगितलंस," ते म्हणाले, "बरं केलंस."